एकच फाइल, कुठेही, कायमची? : ‘सगळे स्टॅटिक लिंक करा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

प्रोग्रामरांच्या गटांतून एक सल्ला गेली काही वर्षे फिरतो आहे. शब्द दर वेळी थोडे बदलतात, आशय मात्र ठरलेला असतो : ‘शेअर्ड लायब्ररी ही डिस्क महाग होती त्या काळातली तडजोड. आता डिस्क स्वस्त झाली आहे. म्हणून प्रत्येक प्रोग्राम सी लायब्ररीसकट स्टॅटिक लिंक करावा. एकच फाइल तयार होते, ती कोणत्याही लिनक्सवर कितीही वर्षांनी चालते, वेगाने चालते आणि बाहेरच्या कशावरही अवलंबून नसल्यामुळे अधिक सुरक्षितही असते. गो भाषेने हे सिद्ध करून दाखवले आहे.’

रात्री उशिरा ग्राहकाच्या सर्व्हरवर प्रोग्राम चढवावा आणि ‘अमुक लायब्ररी सापडली नाही’ एवढा एक ओळीचा निरोप वाचून हात टेकावेत, असा प्रसंग ज्याच्यावर आला आहे त्याला हा सल्ला पटतो. मलाही एके काळी पटला होता. तो निव्वळ खोटा असता तर एवढा पसरलाही नसता. अडचण अशी की त्यात पाच निरनिराळी विधाने एका दमात केलेली आहेत, प्रत्येकातला खरेपणाचा वाटा वेगळा आहे, आणि ‘सी लायब्ररीसकट’ (म्हणजे बहुतेक प्रोग्राम ज्या पायाभूत लायब्ररीतून यंत्राशी बोलतात तिच्यासकट) हे शब्द इतक्या सहज टाकलेले आहेत की सगळी मेख तिथेच आहे हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

आधी लिंकिंग म्हणजे नेमके काय घडते ते थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण पुढचा वाद त्यावरच उभा आहे. कंपायलर प्रत्येक सोर्स फाइलची एक ऑब्जेक्ट फाइल करतो. तुमच्या प्रोग्राममध्ये मजकूर छापणारे प्रिंटएफ हे फंक्शन वापरले असेल, तर त्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये प्रिंटएफचा कोड नसतो. ‘हे नाव वापरले आहे, पत्ता माहीत नाही’ एवढीच नोंद असते. स्टॅटिक लायब्ररी म्हणजे अशाच शेकडो ऑब्जेक्ट फाइलींचे एक गाठोडे. लिंकर आदेशातली नावे डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि गाठोड्यापाशी आला की त्या क्षणी जी नावे पत्त्यावाचून राहिली असतील तेवढ्यांपुरत्याच ऑब्जेक्ट फाइली त्यातून उचलतो. गणिताची लायब्ररी आपल्या फाइलीच्या आधी लिहिली की ‘वर्गमूळ सापडले नाही’ अशी तक्रार येते ती याच कारणाने : लिंकर तिथून गेला तेव्हा वर्गमूळ कोणी मागितलेलेच नव्हते. शेअर्ड लायब्ररीच्या बाबतीत मात्र लिंकर कोड उचलतच नाही. तो लायब्ररीचे नाव, हव्या असलेल्या सिम्बॉलांची, म्हणजे फंक्शनांसारख्या नावांची, यादी आणि त्यांच्या आवृत्त्या तेवढ्या लिहून ठेवतो. खरी जोडणी प्रोग्राम सुरू होताना त्या यंत्रावरचा डायनॅमिक लिंकर करतो. म्हणजे वाद केवळ जोडणीच्या प्रकाराचा नाही. कोणता कोड वापरायचा याचा निर्णय बांधणीच्या वेळी आणि बांधणाऱ्याच्या यंत्रावर व्हावा, की चालवण्याच्या वेळी आणि चालवणाऱ्याच्या यंत्रावर, हा त्यातला प्रश्न आहे.

पहिले विधान डिस्कचे. लिनक्सवर सर्वांत सोप्या नमस्कार-प्रोग्रामची डायनॅमिक बायनरी (चालवण्याजोगी तयार फाइल) सुमारे १६ केबीची होते, आणि जीलिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीशी स्टॅटिक लिंक केली तर तीच आठशे ते नऊशे केबीच्या घरात जाते. आजच्या डिस्कवर हा फरक नगण्य आहे, हे मान्य. मेमरीच्या बाबतीतही दोन्ही पक्ष अतिशयोक्ती करतात : शेअर्ड लायब्ररीच्या कोडची पाने सर्व प्रोसेस (चालू प्रोग्राम) मिळून एकदाच मेमरीत ठेवतात हे खरे, पण एकाच स्टॅटिक बायनरीच्या शंभर प्रोसेस चालवल्या तरी त्या आपापसात कोडची पाने वाटून घेतातच. इतिहासही सल्ला देणाऱ्याच्या बाजूने थोडा आहे. १९९५च्या सुमारास लिनक्स ईएलएफ या फाइल-रचनेकडे वळले. त्याआधीच्या रचनेत प्रत्येक शेअर्ड लायब्ररीला मेमरीतला ठरावीक पत्ता आगाऊ वाटून द्यावा लागे आणि दोघींचे पत्ते एकमेकांवर येणार नाहीत याची काळजी माणसांना घ्यावी लागे. एवढा त्रास त्या काळी लोकांनी सोसला तो जागा वाचवण्यासाठीच. मात्र एखादी व्यवस्था ज्या कारणासाठी सुरू झाली तेवढ्याच कारणासाठी ती टिकून आहे, असे मानणे चूक आहे. शेअर्ड लायब्ररी आज टिकली आहे ती दुरुस्ती एका जागी करता यावी म्हणून, चालू प्रोग्रामला नंतर भाग जोडता यावेत म्हणून आणि प्रोग्राम व यंत्र यांच्यामधला करार कुठेतरी लिहून राहावा म्हणून.

दुसरे विधान सर्वांत आकर्षक आहे आणि त्यातच सर्वांत जास्त गफलत आहे : ती एकच फाइल कोणत्याही लिनक्सवर, कितीही वर्षांनी चालते.

यातला खरा भाग आधी मांडतो. लिनक्सचे कर्नल (यंत्रणेचा गाभा) आपले सिस्टीम कॉल, म्हणजे प्रोग्रामने त्याच्याकडे मागणी करण्याच्या ठरलेल्या वाटा, फार निष्ठेने जपते. चालू असलेला प्रोग्राम कर्नलच्या नव्या आवृत्तीने मोडता कामा नये हा तिथला कडक नियम आहे. त्यामुळे जो प्रोग्राम फक्त कर्नलशीच बोलतो, फाइली वाचतो, हिशेब करतो आणि निकाल लिहितो, तो स्टॅटिक लिंक केल्यास खरोखर वर्षानुवर्षे चालतो. अडचण सुरू होते ती प्रोग्राम यंत्राला एखादा साधा प्रश्न विचारतो तेव्हा : या नावाच्या सर्व्हरचा पत्ता काय? या क्रमांकाचा वापरकर्ता कोण? हा मजकूर कोणत्या लिपी-संकेतात आहे?

जीलिबसीशी स्टॅटिक लिंक करताना गेटअॅडरइन्फो हे नाव-पत्ता शोधणारे फंक्शन वापरून पाहा. लिंकर बायनरी तयार करतो, पण सोबत इशारा देतो की स्टॅटिक प्रोग्राममध्ये हे फंक्शन वापरल्यास चालवतेवेळी, ज्या आवृत्तीशी लिंक केले त्याच जीलिबसीच्या शेअर्ड लायब्रऱ्या यंत्रावर असाव्या लागतील. बहुतेक जण हा इशारा वाचून पुढे जातात. त्याचा अर्थ असा : नावे कुठे शोधायची हे जीलिबसी स्वतः ठरवत नाही, यंत्राच्या व्यवस्थापकाने एनएसस्विच या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ते लिहिलेले असते. एका यंत्रावर ती शोधाशोध केवळ होस्ट फाइल (यंत्रावरची नाव-पत्त्यांची यादी) आणि डीएनएस (नेटवर्कवरची नाव-पत्ता सेवा) यांपुरती असेल. दुसऱ्यावर सगळे वापरकर्ते कचेरीच्या एलडॅप (वापरकर्त्यांची मध्यवर्ती नोंदवही) सर्व्हरवर असतील आणि त्यांना गाठणारे मॉड्यूल वेगळ्या शेअर्ड लायब्ररीच्या रूपात असेल. स्टॅटिक प्रोग्रामला तो प्रश्न विचारायचा झाला की तो ते मॉड्यूल चालू असतानाच उघडतो, आणि ते मॉड्यूल आपल्याबरोबर त्या यंत्राची सी लायब्ररी मागते. ज्या अवलंबनातून सुटण्यासाठी सगळी खटपट केली ते मागच्या दाराने परत आले, आणि आता ते एलडीडी या, प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणाऱ्या साधनाच्या यादीतही दिसत नाही. लिपी-संकेत बदलणाऱ्या आयकॉन्व्हचीही हीच गत आहे. त्याची रूपांतर-मॉड्यूलेही वेगळ्या फाइलींत असतात. आवृत्ती जुळली तर सगळे सुरळीत चालते, आणि जुळली नाही तर कधी शोध निष्फळ ठरतो, कधी प्रोग्राम कोसळतो. दोन्ही घटना बांधणाऱ्याच्या यंत्रावर दिसत नाहीत, हे यातले सर्वांत वाईट.

यावर ठरलेले उत्तर येते : मग मसल वापरा. मसल ही २०११ साली आलेली सी लायब्ररी स्टॅटिक लिंकिंग डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेली आहे, तिचा कोड नेटका आहे आणि अल्पाइन लिनक्स तिच्यावर उभे आहे. मला ती आवडते. पण मसल म्हणजे जीलिबसीची छोटी प्रत नव्हे, ती निराळी लायब्ररी आहे आणि तिचे वागणे निराळे आहे. तिच्यात एनएसस्विचची यंत्रणाच नाही. होस्ट फाइल, डीएनएस आणि वापरकर्त्यांची स्थानिक फाइल यांपलीकडे तिला एनएससीडीसारखा मध्यस्थ लागतो. मोठे डीएनएस उत्तर टीसीपीवरून पुन्हा मागण्याची सोय तिच्यात २०२३च्या १.२.४ या आवृत्तीपर्यंत नव्हती. त्याआधी बांधलेल्या स्टॅटिक बायनरीत ती आजही नाही, आणि यंत्रावरचे मसल अद्ययावत केल्याने ती येणारही नाही.

मराठी वाचकाला लगेच पटेल असे एक उदाहरण इथे देतो. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी बसवला आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. नावांची यादी मराठी क्रमाने लावायची तर तुलना करणाऱ्या फंक्शनला भाषेचे नियम कळावे लागतात. जीलिबसी असे नियम यंत्रावर ठेवलेल्या लोकेलच्या (भाषा-प्रदेशाच्या नियमांच्या) माहितीतून घेते. मसलमधले तेच फंक्शन सरळ बाइटींची तुलना करते. लोकेल कोणतेही सांगितले तरी क्रम बदलत नाही. प्रोग्राम चालतो, चूक दाखवत नाही, फक्त यादी मराठी राहत नाही. ‘कोणत्याही लिनक्सवर चालते’ या वाक्यातल्या ‘चालते’चा अर्थ किती पातळ करून घेतला आहे, ते यावरून दिसते.

आणखी दोन गोष्टी लवकर सांगून टाकतो. ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर त्या त्या यंत्रावर शेअर्ड लायब्ररीच्या रूपातच असतात आणि ते चालू प्रोग्रामला जोडून घ्यावे लागतात. त्रिमितीय चित्रण करणारा प्रोग्राम पूर्णपणे स्टॅटिक करून कोणत्याही यंत्रावर नेता येत नाही. आणि जीलिबसीच्या २.३४पूर्वीच्या आवृत्त्यांत थ्रेडची (एका प्रोग्राममधल्या समांतर कामांची) लायब्ररी वेगळी होती. तिच्यातली काही नावे ‘असली तर घ्या’ अशा सैल स्वरूपाची मागितली जात, आणि गाठोड्यातून गरजेपुरतेच उचलण्याच्या लिंकरच्या सवयीमुळे सी++ मधला थ्रेड वापरणारा स्टॅटिक प्रोग्राम विनातक्रार बांधला जाई व सुरू होताच शून्य पत्त्यावर उडी मारून मरे. उपाय होता, तो म्हणजे ते गाठोडे अख्खेच्या अख्खे आत घ्या असे लिंकरला बजावणे. पण तो शोधण्यात कित्येकांचे दिवस गेले.

‘कायमची’ या शब्दाकडे वळतो. सल्ला देणाऱ्याची मूळ तक्रार बहुधा अशी असते की उबुंटू लिनक्सच्या २२.०४ आवृत्तीवर बांधलेला प्रोग्राम २०.०४ वर चढवला आणि ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ असे उत्तर मिळाले. तक्रार खरी आहे. ऑगस्ट २०२१मध्ये आलेल्या २.३४ या आवृत्तीत थ्रेड वगैरेंच्या वेगळ्या लायब्रऱ्या मुख्य लायब्ररीत विलीन झाल्या आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवी आवृत्ती-खूण मिळाली. त्यामुळे नव्या यंत्रावर बांधलेला नमस्कार-प्रोग्रामसुद्धा जुन्या यंत्रावर उभा राहत नाही. मात्र उलट दिशेने पाहा. जीलिबसीच्या लायब्ररीच्या नावातला ६ हा आकडा १९९७च्या २.० आवृत्तीपासून बदललेला नाही, आणि जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर चालावा यासाठी एकाच फंक्शनची दोन-दोन रूपे त्याच फाइलमध्ये जपून ठेवलेली आहेत.

मेमसीपीवायची गोष्ट याबाबतीत सांगण्यासारखी आहे. मेमरीचा तुकडा एकीकडून दुसरीकडे नेणाऱ्या या फंक्शनच्या नियमात आधीपासूनच लिहिले आहे की दोन्ही तुकडे एकमेकांवर आलेले नसावेत. २०१०मध्ये, जीलिबसीच्या २.१३ या आवृत्तीच्या सुमारास, काही प्रोसेसरांसाठी त्याची नवी, जलद रूपे आली आणि ती उलट दिशेने नकल करू लागली. नियम मोडणारे प्रोग्राम तोवर नशिबाने चालत होते. त्यांत अॅडोबीचे फ्लॅश प्लगिन होते, आणि फेडोरा लिनक्सवर त्याचा आवाज चिरकू लागला. नियम कोणी मोडला आणि दोष कोणाचा यावर बरीच खडाजंगी झाली, खुद्द लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स तिच्यात उतरले. शेवटी ६४-बिट इंटेल यंत्रांसाठी २.१४ आवृत्तीत मेमसीपीवायला नवी खूण दिली गेली आणि जुन्या खुणेने येणाऱ्या प्रोग्रामांना जुने, सोशीक वागणे मिळत राहिले. जी शेअर्ड लायब्ररी दुसऱ्याच्या चुकीलाही इतकी सांभाळून घेते, तिच्यावर ‘वर्षभरात मोडते’ असा आरोप करणे अन्यायाचे आहे.

तेव्हा जुन्या यंत्रावर प्रोग्राम न चालण्याचा उपाय स्टॅटिक लिंकिंग हा नसून जुन्या यंत्रावर बांधणी करणे हा आहे. पायथनच्या जगाने तो पद्धतशीर करून दाखवला. २०१६मध्ये ठरलेल्या मेनीलिनक्स या संकेतानुसार पॅकेजे मुद्दाम जुन्या सेंटओएस लिनक्सवर बांधली जाऊ लागली : पहिल्या संकेतात सेंटओएस ५ आणि जीलिबसी २.५, २०१४च्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकेतात सेंटओएस ७ आणि जीलिबसी २.१७. सी लायब्ररी डायनॅमिकच ठेवायची, तिच्याकडून जुनीच नावे मागायची आणि बाकीच्या परक्या लायब्रऱ्या पॅकेजबरोबर द्यायच्या, एवढाच तो करार आहे. नमपाय ही पायथनची गणिती लायब्ररी घरोघरी बसते ते या कराराच्या जोरावर.

तिसरे विधान वेगाचे. शेअर्ड लायब्ररीतले फंक्शन बोलावताना एका तक्त्यातून पत्ता घेऊन उडी मारावी लागते आणि सुरुवातीला डायनॅमिक लिंकरला ते तक्ते भरावे लागतात, हे खरे आहे. क्षणभर चालणारा छोटा प्रोग्राम एखाद्या स्क्रिप्टमधून हजारो वेळा बोलावला जात असेल, तर स्टॅटिक बायनरीचा फायदा मोजता येण्याइतका असतो. पण मोठ्या प्रोग्रामचा वेग कुठे जातो, हे फेडोराने पायथनच्या बाबतीत उघड करून दाखवले. तिथला पायथन इंटरप्रिटर शेअर्ड लायब्ररीच्या रूपात होता आणि म्हणून हळू होता. आधी त्यांनी लिबपायथन ही इंटरप्रिटरची लायब्ररी स्टॅटिक जोडण्याचाच विचार केला. मग ध्यानात आले की खरा अडथळा शेअर्ड असण्यात नसून एका नियमात आहे : शेअर्ड लायब्ररीतले कोणतेही उघडे फंक्शन बाहेरून बदलता आले पाहिजे, असे कंपायलर गृहीत धरतो आणि त्यामुळे लायब्ररीच्या आतल्या आतही फंक्शने एकमेकांत मिसळून टाकत नाही. ‘असे कोणी बदलणार नाही’ असे सांगणारा एक पर्याय कंपायलरला दिला आणि फेडोरा ३२मध्ये पायथन कामानुसार ५ ते २७ टक्क्यांनी जलद झाला. लायब्ररी होती तशी शेअर्डच राहिली. उलट, स्टॅटिक करण्यासाठी जीलिबसी सोडून मसल घेतले तर अनेक थ्रेड एकदम मेमरी मागतात अशा कामात मसलचे मेमरी-वाटप बऱ्याचदा मागे पडते. लिंकिंगमधून कमावलेले काही टक्के तिथे एका फटक्यात जातात.

चौथे विधान सुरक्षिततेचे आहे, आणि इथे मला सौम्य शब्द सापडत नाहीत. मार्च २००२मध्ये झेडलिब या संक्षेपण-लायब्ररीत एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याचा दोष सापडला. १.१.४ या आवृत्तीत दुरुस्ती आली. शेअर्ड लायब्ररी बदलली की तिच्यावर चालणारे सर्व प्रोग्राम एका झटक्यात दुरुस्त झाले. मग खरे काम सुरू झाले : झेडलिबचा कोड आपल्या पोटात घेऊन बसलेले प्रोग्राम शोधणे. आरसिंक, सीव्हीएस, इतकेच काय, खुद्द कर्नलमध्येही त्याची स्वतंत्र नक्कल होती. दोष एक, आणि दुरुस्त्या मात्र अनेक.

फेब्रुवारी २०१६मध्ये खुद्द जीलिबसीच्या गेटअॅडरइन्फोमध्ये, म्हणजे वर ज्याचा इशारा सांगितला त्याच फंक्शनमध्ये, स्टॅक ओलांडून लिहिण्याचा दोष जाहीर झाला, २.९ पासूनच्या आवृत्त्यांत तो होता आणि हल्लेखोराच्या डीएनएस उत्तरातून त्याचा वापर शक्य होता. शेअर्ड जीलिबसी वापरणाऱ्या यंत्रावर एक पॅकेज अद्ययावत करून सेवा पुन्हा सुरू करणे पुरेसे होते. स्टॅटिक बायनरी मात्र पुन्हा बांधावी लागते, आणि ती बांधणारा कंत्राटदार दोन वर्षांपूर्वी काम संपवून गेलेला असतो. सप्टेंबर २०२३मध्ये लिबवेबपी या चित्र-लायब्ररीतल्या दोषाने हाच खेळ मोठ्या पटावर मांडला : डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांनी) आपली लायब्ररी लगेच बदलली, पण प्रत्येक ब्राउझरने आणि इलेक्ट्रॉन या डेस्कटॉप प्रोग्राम बांधण्याच्या चौकटीवर उभ्या असलेल्या प्रत्येक प्रोग्रामने आपल्या पोटातली प्रत आपापल्या सवडीने बदलली. डेबियन लिनक्सच्या प्रकाशन-टिपणांत तर स्पष्ट लिहिलेले असते की पद्धतशीरपणे स्टॅटिक लिंकिंग करणाऱ्या गोसारख्या भाषांतल्या पॅकेजांना सुरक्षा-साहाय्य मर्यादित मिळेल, कारण एका दुरुस्तीसाठी अवलंबून असलेले सगळे पुन्हा बांधणे त्यांच्या यंत्रणेला जड जाते.

विरुद्ध बाजूचा एक भक्कम पुरावा आहे, तो लपवणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. मार्च २०२४च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने एक्सझेड या संक्षेपण-लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम घातलेले चोरदार उघडकीस आणले. त्याचे लक्ष्य दूरच्या यंत्रात शिरण्यासाठीचा एसएसएचचा सर्व्हर होता, ज्याला एक्सझेडची स्वतःला काहीच गरज नव्हती. काही डिस्ट्रोंनी सिस्टमडी या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेशी बोलण्यासाठी त्याला एक लायब्ररी जोडली, तिने एक्सझेड ओढून आणली, आणि सुरू होतेवेळी डायनॅमिक लिंकर जी निवड करतो तिचा आधार घेऊन चोराने आत हात घातला. अवलंबनाची साखळी कोणी तपासली नाही की काय होते, ते यातून दिसते. मात्र तोच दूषित कोड स्टॅटिक गाठोड्यातून आला असता तर बायनरीत कायमचा बसला असता, आणि तो कोणकोणत्या बायनरींत आहे हे सांगायला यादीही नसती. त्या आठवड्यात व्यवस्थापकांनी एक्सझेडची आवृत्ती एका आदेशात मागे नेली, हे विसरू नये.

याच मुद्द्यात एक जुने उत्तरही मोडीत काढले पाहिजे, जे माझ्या बाजूचे लोक देतात : स्टॅटिक बायनरी नेहमी एकाच पत्त्यावर चढते, म्हणून ती हल्ल्याला सोपी. २०१८पासून जीसीसी ८ हा कंपायलर आणि जीलिबसी २.२७ यांच्या आधारे पत्ता बदलणारी स्टॅटिक बायनरी बांधता येते. हा आक्षेप आता घेऊ नये. तसेच एलजीपीएल हा मुक्त-सॉफ्टवेअर परवाना स्टॅटिक लिंकिंगला बंदी करतो, हेही खरे नाही. जीलिबसीला लागू असलेल्या २.१ आवृत्तीच्या सहाव्या कलमानुसार, बदललेल्या लायब्ररीशी पुन्हा लिंक करता येईल अशा रूपात आपल्या ऑब्जेक्ट फाइली देण्याची तयारी असेल तर परवानगी आहे. बंद कोड विकणाऱ्याला हे सोयीचे नसते, ही बाब वेगळी.

पाचवे विधान : गोने सिद्ध केले. गोने काय सिद्ध केले ते नीट पाहिले, तर सल्ल्याची पंचाईत होते. गो लिनक्सवर सी लायब्ररी स्टॅटिक जोडत नाही. ती वापरतच नाही, स्वतःचे रनटाइम (प्रोग्राम चालवणारा आधार-कोड) घेऊन थेट कर्नलशी बोलते. सी कोड जोडण्याची सोय चालू ठेवून नेटवर्कचे पॅकेज घेतले, तर लिनक्सवर गोची बायनरीही सहसा डायनॅमिकच होते, आणि एनएसस्विचमध्ये गोला अनोळखी स्रोत दिसला की ती नावाचा शोध जीलिबसीकडेच सोपवते. मॅकओएसवर तर धडा उलटाच मिळाला. तिथे कर्नलचे सिस्टीम कॉल स्थिर राहण्याची हमी नाही, हमी आहे ती लिबसिस्टीम या शेअर्ड लायब्ररीची. २०१६मध्ये मॅकओएसची सिएरा ही आवृत्ती आली, वेळ विचारण्याच्या कॉलचे वागणे बदलले आणि आधी बांधलेले गोचे प्रोग्राम कोसळू लागले. गो १.११ आणि १.१२ या आवृत्त्यांत मॅकओएसवरचे गो थेट कर्नलशी बोलणे सोडून लिबसिस्टीममधून बोलू लागले, १.१६मध्ये ओपनबीएसडीवरही सी लायब्ररीचाच मार्ग घेतला. सोलारिसने तर २००५च्या दहाव्या आवृत्तीतच सी लायब्ररीचे स्टॅटिक रूप देणे थांबवले होते. ‘कुठेही’ हा शब्द लिनक्सची सीमा ओलांडत नाही, हे गोच्याच इतिहासात लिहिलेले आहे. रस्ट भाषेचे नावही याच ओघात घेतले जाते. लिनक्सवर रस्ट नेहमीच्या बांधणीत जीलिबसी डायनॅमिकच ठेवते आणि पूर्ण स्टॅटिकसाठी सहसा मसलचे वेगळे लक्ष्य निवडले जाते.

गोकडून घेण्यासारखे एक आहे, ते मात्र सल्ल्यात नसते. गोची बायनरी आपल्या पोटात कोणती मॉड्यूले कोणत्या आवृत्तीची आहेत याची यादी बाळगते आणि ती एका आदेशाने वाचता येते. त्या यादीवरून ज्ञात दोष तपासणारे साधनही गोच्या चमूने दिले आहे. सी आणि सी++ मधल्या स्टॅटिक बायनरीत अशी यादी आपोआप येत नाही. नेमकी तीच नसल्यामुळे २००२मध्ये झेडलिबच्या नकला शोधत फिरावे लागले होते.

माझ्या कामात हा निर्णय मी लायब्ररीगणिक घेतो. सी लायब्ररी आणि टीएलएसची (सुरक्षित जोडणीची) लायब्ररी डायनॅमिक ठेवतो, कारण एक यंत्राशी असलेला करार आहे आणि दुसरीच्या दुरुस्त्या तातडीच्या असतात. आम्हीच लिहिलेल्या, आमच्याशिवाय कोणी न वापरणाऱ्या छोट्या लायब्रऱ्या स्टॅटिक जोडतो. लिंकरला एकाच आदेशात काही लायब्रऱ्या स्टॅटिक आणि काही शेअर्ड घ्यायला सांगता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. बांधणी ज्या सर्वांत जुन्या यंत्रावर प्रोग्राम चालायचा आहे त्याच्याएवढ्या जुन्या कंटेनरमध्ये (बंदिस्त लिनक्स वातावरणात) करतो आणि बायनरी जीलिबसीच्या कोणत्या आवृत्त्या मागते, ते बाहेर पाठवण्याआधी रीडएल्फ या साधनाने पाहतो. पूर्ण स्टॅटिक बायनरी माझ्याकडे एकाच ठिकाणी आहे : यंत्र उठत नाही तेव्हा वापरायच्या पेनड्राइव्हवर, बिझीबॉक्स या अनेक छोटी साधने एका फाइलीत असलेल्या प्रोग्रामच्या रूपात. तिथे डिस्कवरची सी लायब्ररीच मोडलेली असू शकते, आणि तिथे मला एलडॅपवरच्या कोणाचेही नाव विचारायचे नसते.